कोणती विद्या घ्यावी? : विद्यापीठांतील विषयनिवडीचा जुना इतिहास

देवळाच्या पायाभरणीचा, घंटेचा, वेदीचा आणि येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा इतिहास ज्युबिलीच्या स्मरणपुस्तिकेंत यावा हें योग्यच आहे, आणि तो लिहिणारे अधिकारी लेखक आपल्या धर्मग्रामांत आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा असला, तरी देवळाच्या आंगणापासून तो फार दूरचा नाहीं. दरवर्षीं दहावी-बारावीचे निकाल लागले, कीं रविवारच्या मिस्सेनंतर आंगणांत घुटमळणाऱ्या आईबापांच्या बोलण्यांत एकच प्रश्न ऐकूं येतो. मुलगा पास झाला, मुलगी पास झाली. आतां पुढें काय घ्यावयाचें? विज्ञान, वाणिज्य, कीं कला? डॉक्टरी, इंजिनियरी, वकिली, कीं आणखी कांहीं? अर्ज भरण्याची मुदत चार दिवसांवर आलेली असते, आणि ज्यावर मुलाचें पुढील चाळीस वर्षांचें आयुष्य अवलंबून, तो निर्णय पुष्कळदां शेजारच्या मुलानें काय घेतलें एवढ्यावरूनच होऊन जातो.

हा प्रश्न आजकालचाच आहे, अशी सर्वांची समजूत दिसते. वस्तुतः विद्यापीठ नांवाची संस्था जितकी जुनी, तितकाच तो जुना आहे. आणि तो ज्यांना पडला, ज्यांनीं तो अडखळत, ठेंचाळत सोडविला, त्यांत आपण ज्यांच्या मूर्तींपुढें मेणबत्त्या लावतों असे संतही आहेत. म्हणून त्याची हकीकत येथें सांगण्यास हरकत नसावी.

युरोपांत बाराव्या आणि तेराव्या शतकांत विद्यापीठें उदयास आलीं, तेव्हां विषय निवडणें म्हणजे पुष्कळ अंशीं गांव निवडणें होतें. कायदा शिकावयाचा, तर इटलींतील बोलोन्या. वैद्यक शिकावयाचें, तर सालेर्नो किंवा फ्रान्सच्या दक्षिणेकडील माँपेलिए. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकावयाचें, तर पॅरिस. पॅरिसमध्यें तर पोप तिसरे होनोरिअस ह्यांनीं १२१९ सालीं रोमन दिवाणी कायद्याचें अध्यापनच बंद केलें. तेथें चर्चचा कायदा तेवढा शिकवीत. ईश्वरविज्ञानाचे वर्ग ओस पडूं नयेत, हा त्यामागील एक हेतु होता. विद्यार्थी द्रव्य मिळवून देणाऱ्या विषयाकडे धांव घेतात, ही तक्रार आपण नव्यानें करूं लागलों आहोंत असें नाहीं.

पॅरिसच्या विद्यापीठांत चार शाखा होत्या : कला, ईश्वरविज्ञान, कायदा आणि वैद्यक. परंतु ह्या चार शाखा एकाच पायरीवर नव्हत्या. कलाशाखा ही खालची पायरी. तींत व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिति, संगीत आणि ज्योतिष ह्या सात विद्यांचा जुना क्रम असे, आणि पुढें त्यांत ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाची मोठी भर पडली. ती पायरी चढल्यावांचून वरच्या शाखांकडे जाण्याची रीत सहसा नव्हती. पोपचे प्रतिनिधि रोबेर द कूर्सों ह्यांनीं १२१५ सालीं पॅरिससाठीं जे नियम घालून दिले, त्यांत कलाशाखेंत शिकवूं इच्छिणाऱ्याचें वय निदान एकवीस वर्षें असावें आणि त्यानें सहा वर्षें अध्ययन केलेलें असावें, असें सांगितलें आहे. ईश्वरविज्ञान शिकविणाऱ्यास पस्तीस वर्षें वय आणि आठ वर्षांचें अध्ययन ही अट होती. सारांश, पंधराव्या वर्षीं मुलाला उभें करून ‘तुझा विषय कोणता तो आजच सांग’ असें त्या काळीं कोणी विचारीत नसे. सामान्य विद्या आधीं आणि विशेष विद्या मागाहून, असा तो क्रम होता. आपल्या हल्लींच्या पद्धतींत पुष्कळ गुण आहेत. परंतु हा एक गुण आपण गमावला, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

घरच्यांचा आग्रह मात्र तेव्हांही होता. संत थॉमस अक्वायनस ह्यांचें विद्यापीठीय शिक्षण नेपल्स येथें झालें. त्यांनीं माँते कासीनोच्या प्रसिद्ध मठाचा अधिपति व्हावें, असा त्यांच्या उमराव घराण्याचा बेत होता. त्यांनीं मात्र डोमिनिकन नांवाच्या नव्या, भिक्षेवर राहणाऱ्या संघांत प्रवेश केला. तेव्हां त्यांच्या भावांनीं त्यांना वाटेंत पकडून आणून घराण्याच्या किल्ल्यांत सुमारें वर्षभर अडकवून ठेविलें. थॉमस डगमगले नाहींत. सुटका झाल्यावर पुढें ते आल्बर्ट द ग्रेट ह्यांचे शिष्य झाले. हल्लीं कोणी आपल्या मुलाला किल्ल्यांत कोंडीत नाहीं. आठ दिवसांचा अबोला पुरेसा होतो.

आतां ज्यांच्या अध्ययनाची हकीकत ह्या प्रश्नाच्या दृष्टीनें सर्वांत बोधक आहे, त्या संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्याकडे वळूं. इग्नेशियस म्हटले, कीं पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर १५२१ सालीं तोफेच्या गोळ्यानें मोडलेला पाय आणि आजारपणांत वाचलेलीं संतचरित्रें एवढेंच बहुतेकांस आठवतें. त्यानंतरचीं जवळ जवळ अकरा वर्षें त्यांनीं शाळेच्या बांकावर काढलीं, ही गोष्ट आपल्या प्रवचनांतून फारशी ऐकूं येत नाहीं. १५२३ सालीं ते जेरुसलेमला गेले. तेथेंच राहून लोकांच्या आत्म्यांचें कल्याण करावें असा त्यांचा मनोदय होता. परंतु तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनीं त्यांना राहूं दिलें नाहीं. परत येतांना ‘आतां काय करावें?’ हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला, आणि इतरांस साहाय्य करावयाचें तर आधीं आपण कांहीं काळ शिकलें पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. तेव्हां त्यांचें वय तेहतीस वर्षांचें होतें. वाचकांनीं लक्षांत घ्यावें, कीं त्यांनीं आधीं विषय ठरविला नाहीं. आधीं हेतु ठरविला, आणि विषयांचा शोध मागाहून घेतला.

१५२४ सालीं ते बार्सेलोनास आले. जेरोनिमो आर्देवोल नांवाच्या व्याकरणाच्या शिक्षकांनीं त्यांना फी न घेतां लॅटिन शिकविण्याचें कबूल केलें, आणि इसाबेल रोसेर नांवाच्या एका सत्त्वशील बाईंनीं त्यांच्या निर्वाहाचा भार उचलला. एके काळचा हा दरबारी शिपाईगडी लहान मुलांच्या पंक्तीला बसून लॅटिनचीं रूपें घोकूं लागला. घोकतांना एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. पाठ करावयास बसलें, कीं त्यांच्या मनांत आध्यात्मिक विषयांचे नवे नवे विचार आणि गोड अनुभव दाटून येत, आणि धडा बाजूस राही. पुढें त्यांच्या ध्यानांत आलें, कीं प्रार्थनेस किंवा मिस्सेस बसलें असतांही हे विचार इतक्या वेगानें येत नाहींत; मग ते धड्याच्याच वेळीं कां यावेत? ही भक्ति नसून मोहच आहे, असा त्यांनीं निर्णय केला. लगेच ते आपल्या शिक्षकांस सान्ता मारिया देल मार ह्या देवळांत घेऊन गेले, त्यांना सारा प्रकार सांगितला, आणि बार्सेलोनांत भाकर आणि पाणी मिळेल तोंवर पुढील दोन वर्षें आपल्या वर्गाकडे दुर्लक्ष करणार नाहीं, असें वचन दिलें. अभ्यासाच्या वेळीं देवाचें नांव घेऊन अभ्यास टाळणाऱ्या मुलांच्या मातापित्यांनीं ही गोष्ट जपून ठेवण्यासारखी आहे.

दोन वर्षांनीं आर्देवोल ह्यांनीं त्यांना सांगितलें, कीं आतां तुमची तयारी झाली. अल्काला येथील विद्यापीठांत जाऊन कलाशाखेचें अध्ययन सुरू करावें. इग्नेशियसनीं तेवढ्यावर विसंबून न राहतां ईश्वरविज्ञानाच्या एका पंडिताकडूनही आपली परीक्षा करून घेतली. त्यानेंही तोच सल्ला दिला. तेव्हां ते निघाले. पूर्वतयारी पुरेशी आहे कीं नाहीं हें दोन निरनिराळ्या जाणत्यांकडून पाहून घेणें, ही त्यांची सावधगिरी मोठी शहाणपणाची होती.

दुर्दैवानें अल्काला येथें ती सावधगिरी टिकली नाहीं. १५२६ सालीं तेथें पोंचल्यावर त्यांनीं सोतो ह्यांचें तर्कशास्त्र, आल्बर्ट द ग्रेट ह्यांचें पदार्थविज्ञान आणि पीटर लोंबार्ड ह्यांचा ईश्वरविज्ञानावरील ग्रंथ हीं तिन्ही एकदमच हातीं घेतलीं. हे तीन विषय म्हणजे एका जिन्याच्या तीन निरनिराळ्या पायऱ्या. तिन्हींवर एकाच वेळीं पाय ठेवूं पाहणाराची जी स्थिति व्हावयाची तीच त्यांची झाली. त्याबरोबरच लोकांना उपदेश करणें आणि साधना सांगणें चालूच होतें. पुरेसें शिक्षण नसतां धर्मविषयक उपदेश करणाऱ्या ह्या यात्रेकरूविषयीं अधिकाऱ्यांना संशय आला. त्यांना बेचाळीस दिवस तुरुंगांत राहावें लागलें. शेवटीं उपदेशांत दोष आढळला नाहीं, परंतु अधिक अध्ययन होईपर्यंत धर्मश्रद्धेच्या विषयांवर बोलूं नये, अशी ताकीद मिळाली. तेथून ते सालामांका येथें गेले. तेथेंही बावीस दिवस बंदिवास घडला. डोमिनिकन धर्मगुरूंनीं त्यांना ‘आपण काय शिकला आहां?’ असें विचारलें, तेव्हां आपलें अध्ययन किती थोडें आणि किती कच्च्या पायावरचें आहे, हें त्यांनीं न लपवितां सांगितलें. निकाल असा लागला, कीं त्यांनीं उपदेश करावा. परंतु अमुक पाप मोठें आणि अमुक लहान, असा निवाडा चार वर्षें अधिक अध्ययन केल्यावांचून देऊं नये.

ह्या निकालानें ते खिन्न होऊन बसले असते, किंवा अधिकाऱ्यांवर दोषारोप करीत राहिले असते, तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. त्यांनीं थोडीं पुस्तकें एका गाढवावर लादलीं आणि ते एकटेच पायीं निघाले. वाटेंत बार्सेलोनास स्नेह्यांनीं त्यांना थोपविण्याचा यत्न केला. फ्रान्स आणि स्पेन ह्यांच्यामध्यें त्या वेळीं युद्ध चाललें होतें. तरी १५२८ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं ते पॅरिसला पोंचले. तेथें त्यांनीं जी गोष्ट केली, ती ह्या लेखाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या ह्या गृहस्थानें मोंतेग्यू कॉलेजांत पुन्हा अगदीं आरंभापासून, पुन्हा लहान मुलांबरोबर, लॅटिनचें शिक्षण सुरू केलें. घाईनें पुढें गेल्यामुळें आपला पाया कच्चा राहिला, हें त्यांनीं स्वतः ओळखलें होतें, आणि पुढें आपल्या आत्मवृत्तांत तें स्पष्ट शब्दांत सांगूनही ठेविलें आहे.

पैशाची अडचणही लहान नव्हती. बार्सेलोनाहून मिळालेली हुंडी वटवून आलेले पैसे त्यांनीं एका स्पॅनिश सोबत्याजवळ ठेवावयास दिले. त्यानें ते खर्च करून टाकले. मग सेंट जाक ह्या धर्मशाळेंत राहणें आणि भिक्षा मागणें आलें. ती धर्मशाळा कॉलेजापासून लांब. सकाळीं तिचे दरवाजे उघडण्यापूर्वींच वर्ग सुरू होत, आणि संध्याकाळीं ते बंद होण्यापूर्वीं परत यावें लागे. त्यामुळें पाठ बुडूं लागले. कोणा प्राध्यापकाच्या घरीं नोकर म्हणून राहावें, म्हणजे सेवा करून शिकतां येईल, असा विचार करून त्यांनीं पुष्कळ शोध केला; परंतु जागा मिळाली नाहीं. शेवटीं कोणी सुचविलें, कीं वर्षांतून एकदां फ्लँडर्समध्यें जाऊन तेथील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षाची बेगमी गोळा करावी, म्हणजे बाकीचे दिवस अभ्यासाला मोकळे राहतील. त्याप्रमाणें ते ब्रूज आणि अँटवर्प येथें जाऊं लागले. एका वर्षीं तर लंडनलाही गेले. आपल्याकडे आगगाडीच्या पहिल्या लोकलनें मुंबईस जाऊन फुलें आणि भाजी विकून, मग दहाच्या वर्गाला बसलेल्या मुलांची आठवण ह्या ठिकाणीं झाल्याशिवाय राहत नाहीं.

१५२९ सालीं ते सेंट बार्ब कॉलेजांत कलाशाखेच्या वर्गांत दाखल झाले. आतां मात्र एका वेळीं एकच पायरी. १५३२ सालीं बॅचलर, १५३३ सालीं लिसेन्शिएट, आणि त्यापुढें मास्टर ही पदवी. तिची सनद मार्च १५३५ ची आहे. त्यानंतर सुमारें दीड वर्ष डोमिनिकन गुरूंपाशीं ईश्वरविज्ञान. अल्कालामध्यें जें एकदम हातीं घेऊन वाया गेलें, तेंच पॅरिसमध्यें क्रमानें घेतल्यावर साधलें.

सेंट बार्बमधील त्यांच्या खोलींत दोन तरुण राहत असत, आणि दोघेही ह्या इतिहासाला उपयोगी आहेत. एक सावॉयच्या डोंगरांतील मेंढपाळाचा मुलगा, पीटर फावर. दहा वर्षांचा असतांना शाळेंत जाण्यासाठीं तो रडून घर डोक्यावर घेत असे. विद्येंत तो पुढें होता; इग्नेशियसना तर्कशास्त्राचे पाठ समजावून देण्याचें काम त्याच्याकडेच आलें. पण आपण पुढें काय व्हावें ह्याविषयीं त्याचें मन अगदीं वाऱ्यावरच्या पानासारखें होतें. कधीं लग्न करावें असें वाटे, कधीं वैद्य व्हावें, कधीं वकील, कधीं शिक्षक, कधीं ईश्वरविज्ञानाचा पंडित, कधीं पदवीवांचूनच साधा धर्मगुरू, तर कधीं मठवासी. ही यादी प्रस्तुत लेखकानें रचलेली नाहीं. खुद्द फावर ह्यांनीं आपल्या आध्यात्मिक टिपणवहींत ती लिहून ठेविली आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१३ सालीं त्यांची संतांत गणना केली. अर्जाच्या रकान्यापुढें लेखणी थबकून बसलेल्या मुलांना एखाद्या संताची मध्यस्थी हवी असेल, तर संत पीटर फावर ह्यांच्याहून अधिक योग्य संत सांपडणें कठीण. फावर ह्यांचा हा गोंधळ इग्नेशियसनीं कसा सोडविला? घाई केली नाहीं, हें त्याचें मुख्य उत्तर. त्यांनीं त्यांना दररोज आपल्या अंतःकरणाचें परीक्षण करावयास शिकविलें, आणि साधनेचा पूर्ण महिना त्यांच्याकडून करून घेण्यापूर्वीं तब्बल चार वर्षें वाट पाहिली.

दुसरा तरुण म्हणजे नावारचा उमराव, फ्रान्सिस झेवियर. तो १५२५ सालीं पॅरिसला आला, १५३० सालीं मास्टर झाला, आणि बोव्हे कॉलेजांत ॲरिस्टॉटल शिकवूं लागला. पाम्प्लोनाच्या मुख्य देवळांत एखादें मानाचें आणि उत्पन्नाचें पद मिळवावें, हा त्याचा बेत होता. त्या बेताला पॅरिसची पदवी उपयोगी होती. पुढें काय झालें तें वसईपासून गोव्यापर्यंत प्रत्येक ख्रिस्ती घराला ठाऊक आहे. परंतु विद्येचा विचार त्यांनीं सोडला असें मात्र नाहीं. १५४४ च्या जानेवारींत कोचीनहून रोमला धाडलेल्या पत्रांत त्यांनीं लिहिलें आहे, कीं युरोपांतील विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसच्या सोर्बोनमध्यें जाऊन, ज्यांच्याजवळ प्रेमापेक्षां विद्याच अधिक आहे अशांना वेड्यासारखें मोठमोठ्यानें ओरडून हांका माराव्यात, असें त्यांना वारंवार वाटे. पदवी कोणती घेतली ह्यापेक्षां ती कशासाठीं घेतली हें विचारणारा हा आवाज, पॅरिसमध्यें पांच वर्षें शिकून स्वतः मास्टर झालेल्या गृहस्थाचा होता. म्हणून त्याला वजन आहे.

१५४० सालीं येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली. संघाची घटना लिहितांना इग्नेशियसनीं तिचा एक सबंध भाग अध्ययनाला वाहिला, आणि त्यांत क्रमाचा आग्रह पदोपदीं दिसतो : आधीं भाषा, मग तत्त्वज्ञान, मग ईश्वरविज्ञान. वैद्यक आणि कायदा हे विषय संघाच्या कार्याला दूरचे, म्हणून ते संघाच्या विद्यापीठांत शिकवूं नयेत, किंवा निदान संघीयांनीं तो भार घेऊं नये, असेंही त्यांत आहे. ते विषय हलके म्हणून नव्हे. आपलें काम कोणतें हें ठरलें, म्हणजे कोणती विद्या आपल्यासाठीं नाहीं हेंही ठरवावें लागतें. १५९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संघाच्या शिक्षणपद्धतीनें हाच क्रम जगभरच्या शाळांत नेला.

त्या क्रमाची एक शाखा आपल्या वसईंतही पोंचली होती. किल्ल्यांतील येशूसंघीयांच्या कॉलेजाची दर्शनी भिंत अद्याप उभी आहे. १७३९ सालीं मराठ्यांनीं किल्ला घेतल्यावर तेथील विद्येची परंपरा खंडित झाली. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांचें बाळपणचें शिक्षण येशूसंघीयांजवळच झालें. ते कोणत्याही विद्यापीठांत गेले नाहींत. जपानांत त्यांनीं तेथील भाषा आत्मसात केली. संघांत प्रवेश मिळण्याची आशा दिसेना, तेव्हां ते व्यापारांत शिरले. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधु झाले, आणि १५९३ सालीं त्याच भाषेच्या बळावर दुभाषी म्हणून जपानांत परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांना क्रुसावर मरण आलें. कोणी नेमून न दिलेली ती भाषाच अखेर त्यांच्या सेवेचें साधन ठरली.

योगायोग असा, कीं ज्या १८६२ सालीं गोन्सालो गार्सिया ह्यांना रोममध्यें संतपद मिळालें, त्याच सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले. विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजीं झाला, आणि पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ सालीं झाली. आरंभीच्या शाखा कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य ह्या होत्या. त्यांपैकीं वैद्यक १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवीत असत, आणि पुण्याची इंजिनियरिंगची शाळा १८५४ सालची. म्हणजे विद्यापीठाच्या आधींच धंद्याच्या विद्या इकडे रुजल्या होत्या. हें विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारें होतें. पॅरिसच्या क्रमाची छाया त्यावरही थोडी होती : मॅट्रिकनंतर सर्वसामान्य अभ्यास कांहीं वर्षें, आणि विशेष विषय त्यानंतर.

पहिले चार बी. ए. म्हणजे महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यांपैकीं रानड्यांचा क्रम पाहावा : १८६२ सालीं बी. ए., १८६४ सालीं एम. ए., आणि १८६६ सालीं एलएल. बी. आधीं व्यापक विद्या आणि मग कायदा. म्हणूनच त्यांच्या न्यायाधीशाच्या खुर्चीमागें इतिहास आणि अर्थशास्त्र हीं उभीं दिसतात. टिळकांनीं १८७७ सालीं गणित घेऊन बी. ए. केलें, एम. ए. चा अभ्यास मध्येंच सोडला, आणि १८७९ सालीं कायद्याची पदवी घेतली. ती वकिलीसाठीं त्यांनीं फारशी वापरली नाहीं, आणि गणित तर अखेरपर्यंत त्यांच्या ज्योतिषविषयक लिखाणांत डोकावत राहिलें.

आमच्या ख्रिस्ती समाजाकडे पाहिलें, तर गोमंतकांत पणजी येथें १८४२ सालापासून वैद्यकाची शाळा होती. राशोलची सेमिनरी तर त्याहून कितीतरी जुनी. त्यामुळें धर्मगुरू, वैद्य किंवा वकील, ह्या तीन वाटा गोमंतकीय घरांना जवळच्या वाटत. गोव्यांत जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगस मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकले, आणि १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेगचा पहिला रोगी त्यांनींच ओळखला. मुंबई, साष्टी आणि वसईकडील कॅथलिकांना १८६९ सालीं जर्मन येशूसंघीयांनीं काढलेलें सेंट झेवियर्स कॉलेज हा मोठा आधार झाला.

तथापि आमच्यांतील ज्या पुरुषाची वाट सर्वांत वळणावळणाची आणि म्हणूनच सांगण्यासारखी आहे, ते जोसेफ उर्फ काका बाप्टिस्टा. घराणें मूळ भाईंदरजवळील उत्तनचें; जन्म १८६४ सालीं माझगांवांत. त्यांनीं पुण्यास इंजिनियरिंगचें शिक्षण घेतलें. शहाणपणाचा, भाकरीचा, घरच्यांना पटणारा विषय. पुढें ते केंब्रिजला गेले, राज्यशास्त्र शिकले, आणि बॅरिस्टर होऊन आले. इंजिनियरिंगमध्यें घातलेलीं वर्षें व्यर्थ गेलीं, असें त्या वेळीं कोणी तरी म्हटलेंच असेल. हेच बाप्टिस्टा लोकमान्यांचे सहकारी झाले, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, कामगारांच्या चळवळींत पडले, आणि १९२५ सालीं मुंबईचे महापौर झाले. उत्तन-गोराईकडच्या आपल्या बांधवांनीं मुलांना ही गोष्ट सांगितली, तर पहिली निवड बदलण्याची वेळ आलेल्या मुलाच्या डोक्यावरचें ओझें कांहीं हलकें होईल.

मुलींविषयीं स्वतंत्र लिहिलें पाहिजे, कारण त्यांच्यापुढें विषय निवडण्याचा प्रश्न येण्याआधीं दरवाजा उघडण्याचाच प्रश्न होता. नाशिकास १८६६ सालीं जन्मलेल्या, पारशी घराण्यांतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबाच्या कोर्नेलिया सोराबजी ह्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. परीक्षेंतील यशामुळें विलायतेस जाण्याची जी सरकारी शिष्यवृत्ति त्यांना मिळावयाची, ती केवळ स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. इंग्लंडमधील स्नेह्यांच्या मदतीनें त्या ऑक्सफर्डला गेल्या, आणि ज्या धंद्यांत स्त्रीला पाऊल टाकण्याची मुभाच नव्हती तो कायदा त्यांनीं विषय म्हणून निवडला. १८९२ सालीं त्या परीक्षा उतरल्या. पदवी मात्र हातीं आली १९२२ सालीं, कारण ऑक्सफर्डनें स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभच १९२० सालीं केला. आणि हिंदुस्थानांत स्त्रियांना वकिलीची सरसकट मोकळीक १९२३ च्या कायद्यानें झाली. मधल्या तीस वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या : पडद्यांतील विधवांच्या आणि अज्ञान वारसांच्या मिळकतींचें रक्षण करण्यांत ती कायद्याची विद्या त्यांनीं खर्ची घातली. विषय घेतांना त्यांतून नोकरी कोणती लागेल, हें त्यांना कोणीही सांगूं शकलें नसतें.

शेवटीं एका प्राध्यापकाची गोष्ट. १९२२ सालीं हेन्री हेरास नांवाचे स्पॅनिश येशूसंघीय मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत इतिहास शिकविण्यासाठीं आले. वय तिशी उलटून गेलेलें, म्हणजे बार्सेलोनांत लॅटिन घोकावयास बसलेल्या इग्नेशियसच्याच वयाच्या आसपास. सांगतात तें असें, कीं कोणता इतिहास शिकविणार म्हणून प्राचार्यांनीं विचारलें, तेव्हां त्यांनीं येथील विद्यार्थ्यांना कोणता हवा असें उलट विचारलें. हिंदुस्थानचा, असें उत्तर मिळालें. त्याची आपणांस माहिती किती, ह्या पुढच्या प्रश्नाला त्यांनीं कांहींच नाहीं, असें मोकळेपणानें सांगितलें. आणि मग शिकविणार कसें, ह्याला उत्तर दिलें, कीं आधीं शिकेन. चार वर्षांत, म्हणजे १९२६ सालीं, त्यांनीं त्याच कॉलेजांत भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था उभारली, आणि १९२७ सालीं विजयनगरच्या आरविडु घराण्यावरील त्यांचा ग्रंथ छापून बाहेर पडला. पुढें सिंधु संस्कृतीच्या मुद्रांवरील न वाचलेल्या लिपीचा त्यांनीं ध्यास घेतला. १९५५ सालीं मुंबईंतच त्यांचें देहावसान झालें. त्यांची संस्था त्यांच्या नांवानें त्या कॉलेजच्या इमारतींत आहे, आणि पदवीच्या वर्गांत बसणाऱ्या आपल्या मुलांना तिचें ग्रंथालय पाहावयास मिळतें.